बडोद्यात घेतलेली ‘कुटुंब बैठक’ सेवा: चार तारे, आणि पाचवा का नाही

मूल कोणाकडे राहणार हे घरच्यांना एकत्र बसवून त्यांच्याकडूनच ठरवून घेणाऱ्या एका संस्थेच्या सेवेचं हे परीक्षण. आमच्या घरातल्या एका पोरासाठी ती आम्हाला मिळाली. परीक्षण लिहायचं तर संस्थेचं नाव आधी द्यायला हवं. ते मी देणार नाही. दांडिया बाजार आणि रावपुऱ्याच्या मराठी घरांत आम्हाला ओळखणारी माणसं ढिगाने आहेत. संस्था कळली की पोरगा कोणता ते कळायला वेळ लागणार नाही. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे अशा मुलाची ओळख पटेल असं काहीही छापायला मनाई आहे, आणि ते योग्यच आहे. म्हणून मुलाचं नाव, शाळा, गल्ली काही नाही. वयही नाही. ज्यांना खरोखर गरज असेल त्यांनी जिल्हा बाल संरक्षण एककात किंवा १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनवर सरळ विचारावं, की आमच्या भागात घरच्यांची बैठक घेणारं कोणी आहे का.

मी पोळी-भाजीचे डबे करते. ज्याच्याबद्दल लिहितेय तो माझा भाचा, मधल्या भावाचा मुलगा. भाऊ गेला तेव्हा पोरगा अगदी लहान होता. वहिनीने पुढे अंकलेश्वरला दुसरं लग्न केलं आणि पोरगा आमच्या आईकडे, म्हणजे त्याच्या आजीकडे राहिला. सगळं बरं चाललं होतं. मग आई मोरीत पडली, खुब्याचं हाड मोडलं, आणि पोराची वाटणी सुरू झाली. दोन दिवस मांजलपूरला थोरल्या दादाकडे, मग माझ्याकडे, दादाकडे पाहुणे आले की शेजारच्या काकूंकडे. कोणाच्या मनात वाईट नव्हतं. पण आज रात्री कुठे झोपायचं हे त्या पोराला संध्याकाळी कळायचं. एक दिवस शाळा सुटल्यावर तो दप्तर घेऊन थेट बडोदा स्टेशनावर गेला आणि अंकलेश्वरच्या गाडीची वाट बघत बसला. रेल्वे पोलिसांच्या नजरेस पडला, म्हणून निभावलं.

असं मूल सापडलं की प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत बाल कल्याण समितीसमोर हजर करावं लागतं. समितीत एक अध्यक्ष आणि चार सदस्य असतात, त्यांत निदान एक बाई हवीच, आणि त्यांना प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार असतात. हे मला तेव्हा कोणी सांगितलं असतं तर ‘आम्ही त्याचे सख्खे आहोत, आत्ता घरी नेतो’ असा आमचा बाहेर जो गोंधळ चालला होता तो वाचला असता. समिती चौकशी लावते, सामाजिक तपास अहवाल पंधरा दिवसांत यावा आणि चार महिन्यांत शेवटचा हुकूम व्हावा अशी कायद्यात मुदत आहे. तोवर पोरगा बालगृहात राहिला. तिथं जेवणखाण ठीक होतं, मारहाण नव्हती, भेटू देत होते. त्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार आहे ती पहिल्यांदा घरी आलेल्या कार्यकर्त्याबद्दल. कुठून आला होता ते सांगत नाही. उंबऱ्यातच उभं राहून त्याने विचारलं, घर स्वतःचं की भाड्याचं, संडास आत की बाहेर, महिन्याचं उत्पन्न किती. आईशी एक शब्द बोलला नाही. वहिनीचं नाव निघालं तेव्हा दादा म्हणाला, ‘तिचा आता काय संबंध?’ आणि कार्यकर्त्याने मान डोलावून पुढचा रकाना घेतला. चहासुद्धा न घेता गेला. बाल न्याय नियमांत नमुना ७ म्हणून एक कागद असतो, मुलाचा वैयक्तिक काळजी आराखडा. आरोग्य, शिक्षण, खेळ, नातीगोती असे त्यात रकाने, आणि पहिलाच रकाना मुलाची स्वतःची अपेक्षा काय याचा. आमच्या पोराच्या नावापुढे त्या गृहस्थाने गुजरातीत लिहिलं होतं: ‘चांगले शिक्षण मिळावे.’ स्टेशनावर जाऊन बसलेल्या पोराची ही अपेक्षा!

या सगळ्यावर समितीने मग ज्या संस्थेकडे काम दिलं, तिची ही सेवा.

संस्थेच्या बेन पहिल्याच दिवशी पोराला बालगृहात भेटल्या आणि मग आमच्याकडे आल्या, तेव्हा त्यांच्याकडे एक कागद होता. मधे एक छोटं वर्तुळ, त्यात पोराचं नाव. भोवती त्याने स्वतः काढलेली वर्तुळं, जवळची आणि लांबची. आजी अगदी चिकटून. मी जवळ. दादा जरा लांब, पण मोठा काढलेला. वहिनी कागदाच्या कडेला, आणि तिच्यापर्यंत रेल्वेचे रूळ काढले होते. आणि आजीच्या बरोबरीने, मला अजिबात अपेक्षित नसलेलं एक नाव: शाळेचे रिक्षावाले काका. बेन म्हणाल्या, ‘ह्यांना पण बोलवायचं.’ दादाचं म्हणणं, रिक्षावाल्याचं आपल्या घरच्या गोष्टीत काय काम. बेन शांतपणे म्हणाल्या, मुलाने बोलावलंय, मी नाही.

खरा वाद वहिनीवरून झाला. मी तिला आधीपासून अधूनमधून फोन करत होते, त्यामुळे तिने यावं असं माझं मत पहिल्यापासून होतं, पण घरात माझं चालत नव्हतं. बेननी दादाला एकट्याला गाठलं. वडील गेल्यावर आई हीच नैसर्गिक पालक, १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यातलं हे कलम त्यांनी त्याला दाखवलं, आणि नुसतं दुसरं लग्न केलं म्हणून ते पालकत्व जात नाही हेही सांगितलं. दादा बँकेतून निवृत्त झालेला माणूस. कलम-बिलम दाखवलं की त्याचा आवाज खाली येतो. मग बेन अंकलेश्वरला जाऊन वहिनीशी बोलून आल्या. बैठकीआधी प्रत्येकाशी असं वेगळं बोलणं हा या सेवेतला सगळ्यात मोलाचा भाग आहे, असं माझं मत झालंय. सगळे एकदम समोरासमोर आले असते तर पहिल्या पाच मिनिटांत भावाच्या आजारपणात कोणी किती केलं याचा हिशेब निघाला असता.

बैठक रविवारी होती, कारण बेननी आधी विचारलं होतं की कोणाला कधी जमेल. डब्याचा धंदा असलेल्या बाईला सोमवारी सकाळी अकराला बोलावणारी सरकारी पत्रं मी पाहिली आहेत, म्हणून याचे गुण वेगळे. जागा मात्र दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. खुब्याचं हाड मोडलेल्या बाईला बोलावताय हे माहीत असताना! शेवटी आईला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून रिक्षावाल्या काकांनी आणि दादाच्या मुलाने वर नेलं. दर वळणावर ती ‘सावकाश रे, सावकाश’ म्हणत होती आणि काका गुजरातीत ‘बा, तुमचं वजन तर दप्तराएवढं’ म्हणत होते. तारा कापायचं हे पहिलं कारण.

वर सेव-उसळ आणि चहा होता. हे लिहिण्यासारखं आहे, कारण हातात वाटी असली की माणसं कमी भांडतात.

सुरुवातीला बेननी सगळ्यांना समजेल असं दहा मिनिटांत सांगितलं: काय झालं, समितीला काळजी कशाची आहे, आणि कुठल्या गोष्टींवर तडजोड नाही. पोरगा रात्री मोठ्या माणसाशिवाय राहणार नाही. शाळा बुडणार नाही. मारायचं नाही. बाकी तुम्ही ठरवा. पोराला बोलायला लावलं नाही, हे मला फार आवडलं. त्याने लिहून आणलं होतं आणि त्याच्या वतीने वाचायला माणूस त्याने निवडला होता: रिक्षावाले काका. त्यांना मराठी वाचता येतं, पण अडखळत. वहीच्या फाडलेल्या पानावर चारच ओळी. त्यातली एक अशी: ‘शनिवारी कुठे जायचं ते मला गुरुवारी कळलं पाहिजे.’ काका वाचताना ‘गुरुवारी’वर थांबले आणि परत एकदा वाचलं. वहिनी रडली. दादा पंख्याकडे बघत बसला. पोरगा मग दादाच्या मुलाबरोबर खाली खेळायला गेला.

नंतर बेन आणि त्यांच्या सहकारी बाई खोलीबाहेर गेल्या आणि दार लावून घेतलं. मला आधी वाटलं, काही कागद आणायला गेल्या. पण ही त्यांची पद्धतच आहे. बेननी नंतर सांगितलं की फॅमिली ग्रुप कॉन्फरन्स नावाची ही रीत न्यूझीलंडची. तिथं माओरी लोकांची मुलं सरकार घरातून काढून परक्यांकडे ठेवत होतं, त्यांच्या जाणत्या माणसांनी हट्ट धरला की आमच्या मुलांचं आमच्या गोतावळ्याला ठरवू द्या, आणि १९८९ च्या कायद्याने ते तिथं पक्कं झालं. अधिकाऱ्यांनी माहिती द्यायची आणि बाहेर जायचं. कुटुंबाने आत बसून ठरवायचं. मग अधिकाऱ्यांनी आत येऊन ते सुरक्षित आहे का बघायचं. आपल्या २०१५ च्या कायद्यात बैठकीची अशी सक्ती नाही. पण मुलाची पहिली जबाबदारी कुटुंबाची, मुलाचं म्हणणं ऐकायचं आणि संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय, ही तत्त्वं कलम ३ मध्ये आहेत. संस्था त्यावरच बोट ठेवून हे करते.

आता दाराआड काय झालं ते. दादा सुरू झाला. हॉस्टेल चांगलं आहे, ओळख आहे, पैसे मी भरतो, विषय संपला. बराच वेळ तोच बोलत होता. कार्यकर्ते बाहेर गेले की खोली ज्याचा आवाज मोठा त्याची होते, आणि यावर संस्थेकडे काही तोड आहे असं मला दिसलं नाही. आमच्यात तोड निघाली ती आईमुळे. ती म्हणाली, ‘पैसे तू देशील रे. रात्री ताप आला तर उशाशी कोण बसणार, ते सांग.’ दादा गप्प. मग पहिल्यांदाच कोण काय करेल यावर बोलणं झालं, कोणी काय करायला हवं होतं यावर नाही. ज्या घरात अशी आई नसेल तिथं काय होत असेल? बेनना विचारलं तर म्हणाल्या, घरात मारहाणीची किंवा त्याहून वाईट तक्रार असेल तर आम्ही खोली सोडतच नाही, कधी बैठकच घेत नाही. ते ठीक. पण नुसत्या मोठ्या आवाजाचं काय, हा प्रश्न उरतोच.

ठरलं ते असं. सोमवार ते शनिवार दुपार माझ्याकडे, कारण आई माझ्या शेजारच्याच खोलीत असते आणि मी पहाटे चारपासून उठलेलीच असते. मी डब्यांत अडकलेली असते तेव्हा रिक्षावाले काका दारात हॉर्न न वाजवता वर येऊन त्याला घेऊन जातील. गणित, फी आणि सगळे सरकारी कागद दादाकडे. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी वहिनी बडोद्याला येऊन त्याला मेमू गाडीने अंकलेश्वरला नेईल, रविवारी संध्याकाळी आणून सोडेल. बेन आत आल्या आणि एकेक ओळ वाचून प्रत्येक ओळीला तोच प्रश्न: ‘आणि हे जमलं नाही तर कोण?’ ‘आम्ही बघू’ असं म्हटलं की त्या पेन खाली ठेवायच्या. नाव पाहिजे, फोन नंबर पाहिजे. मी आजारी पडले तर दादाची बायको, ती नसेल तर शेजारच्या काकू. वहिनीला यायला जमलं नाही तर गुरुवारपर्यंत पोराला स्वतः फोन करून सांगायचं. आत्याला निरोप देऊन चालणार नाही. नमुना ७ मधल्या त्या पहिल्या रकान्यात या वेळी पोराची ओळ गेली, जशीच्या तशी. आणि माझ्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर त्याने स्वतः अंकलेश्वरचे शनिवार हिरव्या पेनने गोल करून ठेवले आहेत. गॅसच्या नंबराशेजारीच. डब्यांचे खाडे मी लाल पेनने मांडते, त्यामुळे हिरवा रंग त्याचा असं ठरलं आहे आणि तो पेन मला वापरता येत नाही.

समितीने तो आराखडा मान्य केला, देखरेखीच्या अटीवर पोरगा कुटुंबाच्या ताब्यात दिला. हुकूम पटला नसता तर तीस दिवसांत बाल न्यायालयात अपील करता येतं हेही बेननी न विचारता सांगितलं. आपल्याविरुद्ध कुठे जायचं हे सांगणारी सेवा मी तरी पहिल्यांदाच पाहिली.

पैशाचं. सेवेला एक पैसा लागत नाही. शिवाय बेननी दादाला दोन योजना काढून दिल्या. गुजरात सरकारची पालक माता-पिता योजना, ज्याचे आईवडील दोन्ही नाहीत किंवा वडील वारले आणि आईने दुसरं लग्न केलं अशा मुलासाठी, महिना ३००० रुपये. केंद्राच्या मिशन वात्सल्यमधलं प्रायोजकत्व महिना ४००० चं आहे, पण तिथं कुटुंबाच्या उत्पन्नाला शहरात वर्षाला ९६,००० ची वरची मर्यादा आहे. पालक माता-पितामध्ये उलट सांभाळणाऱ्याचं उत्पन्न शहरात ३६,००० च्या वर असावं लागतं. डब्याच्या धंद्याचं उत्पन्न सिद्ध करायचं म्हणजे काय दिव्य असतं ते धंदा करणाऱ्यालाच ठाऊक. मामलतदार कचेरी, जनसेवा केंद्र, भावाच्या मृत्यूचा दाखला, वहिनीच्या लग्नाचा कागद, शाळेचं बोनाफाइड. दादाने फाइल केली, वर लेबल चिकटवलं आणि प्रत्येक झेरॉक्सच्या दोन प्रती ठेवल्या. हॉस्टेलचं नाव त्याने परत काढलं नाही. त्याला काहीतरी करायला हवं होतं, ते मिळालं.

पाचवा तारा मात्र जिन्यापेक्षा एका मोठ्या गोष्टीसाठी कापलाय. वहिनीच्या आताच्या यजमानांना बैठकीला बोलावलं नव्हतं. पोराच्या कागदावर त्यांचं वर्तुळ नव्हतं, म्हणून. पण दर पंधरवड्याला दार उघडायचं त्यांनी, तिकिटाचे पैसे त्यांच्या खिशातले, घरातली एक गादी त्यांनी रिकामी करून द्यायची. पहिले काही शनिवार नीट गेले. मग ‘पाहुणे आलेत’, ‘घरात रंगकाम काढलंय’ सुरू झालं. वहिनी गुरुवारी फोन करायची, ठरल्याप्रमाणे, आणि पोरगा ‘बरं’ म्हणून ठेवून द्यायचा. त्यानंतर त्या दिवशी जेवायचा नाही. मी बेनना कळवलं, त्यांनी पुढच्या आढाव्याला त्या गृहस्थांना बोलावलं. आले. इस्त्रीचा शर्ट, हातात भाकरवडीचं पाकीट. म्हणाले, ‘मला कोणी विचारलंच नाही. बायको दोन शनिवार कुठे जाते ते मी शेजाऱ्यांना काय सांगू?’ खरं होतं त्यांचं. त्यांना एवढंच हवं होतं की दादाने एकदा त्यांच्या घरी येऊन चहा प्यावा, म्हणजे हे चोरून चाललेलं नाही हे चार लोकांना दिसेल. दादा गेला, हो-नाही करत गेला. शनिवार परत सुरू झाले. ज्याच्यावाचून आराखडा अडणार त्याला पहिल्याच दिवशी शोधायला हवं, मुलाने नाव घेतलं नाही तरी. संस्थेने हे शिकावं.

बाकी कुरकुर किरकोळ. आराखड्याची पहिली प्रत फक्त गुजरातीत आली. मला, दादाला चालतं, पण आईला मराठीच वाचता येतं आणि ठरावातलं अर्धं तिच्या जिवावर आहे. मागितल्यावर बेननी हाताने लिहिलेली मराठी प्रत आणून दिली. ती मागावी लागू नये. आणि आता त्या बेनची बदली दुसऱ्या कामावर झाली आहे. नव्या आल्या त्या पोराला म्हणाल्या, ‘तू स्टेशनावर का गेला होतास?’ त्याने माझ्याकडे बघितलं. मी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, फाइलमध्ये आहे, ते वाचा, त्याला परत विचारू नका. वाचलं त्यांनी. बाई मनाने चांगल्या आहेत, पण फाइल हातात देतानाच हे सांगायला हवं होतं कोणीतरी.

ज्यांच्या घरात मूल कोणाकडे राहणार यावरून ओढाताण चालू आहे आणि माणसं निदान एका खोलीत बसू शकतात, त्यांनी ही सेवा जरूर मागावी. मूल बालगृहात असताना ‘आधी घरी द्या मग बोलू’ असा हट्ट धरू नका, उलट बैठक लवकर मागा, चार महिने बघता बघता जातात. जाताना मुलाचा जन्मदाखला, वडिलांचा मृत्यूचा दाखला आणि शाळेचा कागद बरोबर ठेवा. बैठकीला कोण यावं ते संस्थेला मुलाला विचारू दे, आणि घराचा दरवाजा प्रत्यक्ष कोण उघडतं ते तुम्ही सांगा.

आमचा पुढचा आढावा दिवाळीनंतर आहे. दादाने तळमजल्यावरची खोली द्या म्हणून लेखी अर्ज केला आहे, आवक क्रमांकासह. उत्तर अजून आलेलं नाही.